फटीग सायकल्स मोजायला कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये स्ट्रेन गेजच्या (भाग किती ताणला जातो ते मोजणारा सेन्सर) सिग्नलमधून फटीग सायकल्स, म्हणजे भागाला हळूहळू थकवून तोडणारे भाराचे चढउतार, मोजायच्या आहेत. इंडस्ट्रीतलं महागडं सॉफ्टवेअर आमच्याकडे नाही. मोफत काय मिळेल? ते सॉफ्टवेअर येत नसेल तर नोकरीत मागे पडेन का?

उत्तर : मागे पडशील ही भीती आधी मनातून काढ. सायकल मोजण्याची रेनफ्लो पद्धत मात्सुइशी आणि एंडो यांनी जपानमध्ये १९६८ साली मांडली. ती वही-पेन्सिलीनेही करता येते, आणि तू सुरुवात तशीच करावीस असं मला मनापासून वाटतं. -२, १, -३, ५, -१, ३, -४, ४, -२ हा भाराच्या शिखर-दऱ्यांचा क्रम घे. एएसटीएम ई १०४९ या सायकल-मोजणीच्या मानकातलं हे उदाहरण आहे. हाताने मोजल्यावर -१ ते ३ ही एकच पूर्ण सायकल निघते, बाकी सहा अर्ध्या, म्हणजे नुसता चढ किंवा नुसता उतार. कुठलंही टूल वापरण्याआधी हाच क्रम त्यात टाकून बघ.

मोफत पर्याय भरपूर आहेत. पायथनमध्ये 'रेनफ्लो' आणि 'फॅटपॅक' आहेत, बॉशने खुली केलेली 'पायलाइफ' त्याहून मोठी आहे. कॉलेजात मॅटलॅब असेल तर सिग्नल प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये रेनफ्लोचं फंक्शन मिळेल. यादृच्छिक भारांच्या संख्याशास्त्रात खोल जायचं असेल, तर लुंड विद्यापीठाचा 'वाफो' टूलबॉक्स जरूर बघ.

दोन टूल्सची उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नकोस. शेवटी उरलेल्या अर्ध्या सायकलींचं काय करायचं, हे प्रत्येक टूल आपापल्या परीने ठरवतं.

खरी काळजी सिग्नलची घे. सॅम्पलिंग (सेकंदाला घेतलेल्या नोंदी) विरळ असलं की शिखरं निसटतात. समज, सगळ्या रेंज (शिखर आणि दरीतलं अंतर) १० टक्क्यांनी कमी पकडल्या गेल्या आणि एस-एन वक्राचा (किती ताणाला भाग किती सायकली टिकतो ते दाखवणारा आलेख) घातांक ५ असला, तर मायनरच्या नियमाने, म्हणजे प्रत्येक सायकलीचं नुकसान बेरजेत धरून, एकूण नुकसान सुमारे ४१ टक्के कमी दिसतं. म्हणजे भाग तुटायला आलेला असताना रिपोर्ट सुरक्षित म्हणतो! स्क्रीनवर कुठलाही इशारा येत नाही. हे ओळखणारा माणूस ड्युरेबिलिटी विभागाला हवा असतो. मेन्यूतली बटणं नोकरीत रुजू झाल्यावरही शिकता येतात.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सॅम्पलिंग रेट, गाळलेल्या छोट्या सायकलींची मर्यादा आणि सरासरी ताणाची दुरुस्ती स्पष्ट लिही. मुलाखतीला जाताना तेच पान सोबत ने.