"फुकट शिकवतात, तरी पोरगं जात नाही"

"मॅडम, फुकट शिकवतात तरी पोरगं जात नाही हो, काय करू?" मी समुपदेशक, आणि गेल्या काही महिन्यांत हे वाक्य इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. शाळा सुटल्यावर मंडळाच्या ऑफिसात नाहीतर समाजमंदिरात सतरंजी टाकून भरणाऱ्या मोफत अभ्यासिका पुण्यातल्या वस्त्यांमध्ये बऱ्याच आहेत, शिकवणारेही मनापासून शिकवतात, पण काही पोरं चार दिवस जातात आणि गळतात. मग आईचा पुढचा प्रश्न ठरलेला, कर्ज काढून पैशाचा क्लास लावू का?

पर्वतीच्या बाजूच्या एक बाई आल्या होत्या, चार घरी पोळ्या करतात. (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) मुलगा सहावीत, त्याला आपण पिंट्या म्हणू. बाईंनी पिशवीतून त्याची विज्ञानाची वही काढून माझ्यापुढे ठेवली, "अक्षर बघा मॅडम. असं पोरगं कच्चं असेल का?" अक्षर माझ्यापेक्षा सुंदर, पानोपानी लाल पेनाने बरोबरच्या खुणा. मी पिंट्याला म्हटलं, वाच की जरा. 'प्रकाशसंश्लेषण'ला गाडी अडली. "पर... परका..." आणि गप्प. अख्खी वही फळ्यावरून उतरवलेली, चित्र काढावं तशी.

यात नवल काहीच नाही. मुलांना वाचता-लिहिता येतं का हे तपासणारी 'असर'ची ग्रामीण भागातली पाहणी वर्षानुवर्षं सांगतेय की पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा धड वाचता येत नाही, आणि वस्तीतली जी पोरं माझ्याकडे येतात त्यांचं काही फार वेगळं नसतं. त्यात आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, आल्यापासून आठवीपर्यंत नापास करणं बंद होतं, पाचवी-आठवीची परीक्षा आपल्याकडे २०२३-२४ पासून परत आली, पण तीही फक्त त्या दोन इयत्तांना, त्यामुळे घरी पत्ता लागतो कधी, तर फार उशिरा.

पहिल्या दोन भेटींत पिंट्याचं एकच, "कंटाळा येतो." तिसऱ्या भेटीत मी अभ्यासिकेचा विषयच काढला नाही, विचारलं, शाळेत नाही समजलं तर काय करतोस?

"बाजूच्याचं बघतो."

"आणि अभ्यासिकेत?"

"तिथे दादा एकेकाला विचारतो."

"मग त्याला परत विचारायचं."

"दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा कसं विचारू? फुकट शिकवतो तो." थोडं थांबून म्हणाला, "पैसे भरले असते तर विचारलं असतं."

इतकी वर्षं या खुर्चीत बसतेय पण त्या वाक्याला मी पेन खाली ठेवलं. आपण सगळे धरून चालतो की फुकट मिळालं म्हणून किंमत नाही. या पोराला उलट किंमत इतकी कळली होती की चुकायचीच चोरी झाली होती! आई रोज संध्याकाळी म्हणायची, "इंजिनिअरिंगचा पोरगा स्वतःचा अभ्यास टाकून तुम्हाला फुकट शिकवतो, जरा लाज बाळग." मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या पठडीतली, 'हे झालंच पाहिजे' असा हट्ट माणसाला अडकवतो असं तो म्हणायचा, त्यामुळे माझा कान नेहमी वाक्यातल्या 'च'वर असतो. पिंट्याच्या डोक्यात तो असा बसला होता: दादा फुकट शिकवतो म्हणजे मला एका झटक्यात आलंच पाहिजे. ते येणं शक्य नव्हतं, म्हणून जाणंच बंद.

हे आईला सांगताना वाटलं चिडतील. बाई जरा वेळ पदराशी चाळा करत बसल्या, मग म्हणाल्या, "कामावरच्या ताईंनी साडी दिली की ती नेसून त्यांच्याच घरी जायला मला नको वाटतं. डाग पडला तर?" एवढं बोलल्यावर मला वेगळं समजवायची गरजच उरली नाही.

तेव्हा आयांनो, एक, घरात 'फुकट' हा शब्द बंद. "आज काय शिकवलं" असंही नको, "आज कुठे अडलं" विचारा, आणि अडलेलं ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. दोन, शिकवणाऱ्या दादा-ताईला एकट्यात गाठून सरळ सांगा की वाचनच कच्चं आहे, तिथून सुरू करा. शाळेचा गृहपाठ उरकून घेणं म्हणजे शिकणं नव्हे, हे शिकवणाऱ्यांनीही ऐकावं. इयत्ता बाजूला ठेवून येतं तिथून धरायचं हे 'प्रथम'सारख्या संस्था कधीपासून करतायत. फक्त सहावीच्या पोराला तिसरीच्या पोरांत सगळ्यांदेखत बसवू नका, त्याला आधी विश्वासात घ्या. आणि कर्जाचं म्हणाल तर नाही म्हणजे नाही. पन्नास पोरांच्या क्लासात परत बाजूच्याचंच बघणार तो, फक्त हप्ता चालू राहील.

पिंट्याकडे आम्ही सतरंजी टाकायचं काम दिलं. म्हणजे तो नुसता घेणारा राहिला नाही, रोज पाच मिनिटं आधी जायला कारणही मिळालं. (ही आयडिया माझी, सांगून टाकते!) मधे एक आठवडा दांडी झाली, परत गेला.

परवा आईबरोबर आला होता. जोडाक्षरं अजून अडतात पण थांबून परत वाचतो. निघताना दारातून मागे आला, "मॅडम, काल दादाचंच हातच्याचं गणित चुकलं."

"मग?"

"मी सांगितलं. तो म्हणाला अरेच्चा, आणि खोडलं."