ठेंगण्या लिंबाला फूल नाही? आधी कलमाचा जोड बघा

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी कुंडीत लिंबाचं ठेंगणं कलम लावलं. यंदा दोन फांद्या एकदम सरळ वर गेल्या, त्यांना काटेही मोठे आहेत, पण झाडावर फूल नाही. बाकीच्या फांद्यांची पानं पिवळी पडत आहेत. खताची मात्रा वाढवावी का?

उत्तर : खत आत्ता घालू नका. त्याआधी खाली बसून खोड नीट बघा. मातीपासून वीतभर उंचीच्या आत थोडा फुगीर, तिरका वळसा दिसेल. तो कलमाचा जोड. त्या दोन फांद्या जोडाच्या खालून निघाल्या असतील तर ते तुमचं लिंबू नव्हे, तो खुंट फुटला आहे, म्हणजे ज्या झाडाच्या मुळांवर लिंबू बांधलेलं असतं ते खालचं झाड. झाड ठेंगणं राहतं ते बहुतेक वेळा खुंटामुळेच. त्यासाठी ट्रायफोलिएट ऑरेंज या लिंबाच्या नात्यातल्या झाडाचा खुंट वापरतात. त्याची ओळख सोपी आहे, एका देठावर तीन पानं येतात. इतर खुंटांची पानं मात्र लिंबासारखीच दिसतात, म्हणून पानापेक्षा फूट कुठून निघाली ते पाहा. अशी फूट वरच्या कलमाचं अन्न खाते आणि दुर्लक्ष केलं तर कलम मरून नुसता खुंट उरतो. आता त्या फांद्या खोडालगत धारदार कात्रीने कापा, खुंटी ठेवू नका. पुढे कोवळी फूट दिसली की बोटाने मोडून टाका.

फांद्या जोडाच्या वरून असतील तर ते पाणसोट, म्हणजे लिंबाचीच पण जोमाने सरळ वर जाणारी फूट. तेही काढलेले बरे, पण घाई नाही.

पिवळेपणाचं कारण कुंडीत बहुधा पाणी असतं. रोज थोडं थोडं पाणी घालण्याची सवय मी फार पाहतो आणि मुळं त्यानेच कुजतात. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. जोड मातीखाली गाडला गेला असेल तर माती आजच बाजूला करा, नाहीतर बुंधा कुजून डिंक येतो.

निचरा ठीक असूनही पिवळेपणा राहिला तर पान उजेडात धरा. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह किंवा जस्त कमी पडतंय, सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी करा. जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. खत लागतं ते तेव्हा, तेही थोडं थोडं आणि ओल्या मातीत.

फुलासाठी रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. फूल आल्यावर बरीचशी फुलं आणि वाटाण्याएवढी फळं गळतील. तो झाडाचा स्वभाव आहे, त्यासाठी औषध फवारू नका.