हाणामारी, मारहाण आणि मुलींची ‘फ्रीस्टाईल’

प्रश्न असा आहे: शाळा-कॉलेजच्या मुलींच्या भांडणाची बातमी आली की ‘फ्रीस्टाईल हाणामारी’ आणि ‘झिंज्या उपटल्या’ हे शब्द हमखास येतात. ते योग्य आहेत का, आणि ‘झिंज्या’ म्हणजे नेमके काय?

‘झिंज्या’चे आधी उरकू. विस्कटलेल्या केसांना तुच्छतेने म्हणायचा हा शब्द, नेहमी अनेकवचनी आणि बहुधा बायकांच्याच वाट्याला येणारा. मुलगे एकमेकांचे केस धरतात तेव्हा बातमीत ‘केस ओढले’ असते. मुलींच्या बाबतीत तीच कृती ‘झिंज्या’ होते. बातमीत तो नको, याला एवढे कारण पुरे.

‘फ्रीस्टाईल’ तर साफ चूक. फ्रीस्टाईल ही नियमांनी बांधलेली कुस्ती आहे. ग्रीको-रोमन या कुस्तीच्या दुसऱ्या प्रकारात कमरेखाली पकड चालत नाही, फ्रीस्टाईलमध्ये पायांवर डाव टाकता येतो. ‘फ्री’ आहे ते एवढ्यापुरते. ज्येष्ठ गटात तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. केस ओढणे, चावणे, चिमटे काढणे, बोटे पिरगाळणे यांना सक्त मनाई. म्हणजे ज्या केस ओढण्यासाठी बातमीदार हा शब्द वापरतो, तेच त्या खेळात निषिद्ध! शब्दाला हा भलता अर्थ चिकटला तो दारासिंग-किंगकाँग या पहिलवानांच्या काळातल्या तमाशेवजा कुस्त्यांमुळे. महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये २००४ साली आली ती फ्रीस्टाईल प्रकारातच, आणि साक्षी मलिकने २०१६ साली रिओत कांस्य मिळवले तेही त्यातच. तोच शब्द बसस्टॉपवरच्या भांडणाला लावताना लाज वाटायला हवी.

पण खरा घोटाळा ‘हाणामारी’त आहे, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. हाणणे आणि मारणे याच दोन धातूंचे मराठीत दोन शब्द होतात: मारहाण आणि हाणामारी. मारहाण एकतर्फी असते. कुणी तरी करतो आणि कुणाला तरी होते. हाणामारी दोन्हीकडून. ‘हाणामारी म्हणजे जोरदार मारहाण’ असे शिकवणाऱ्या भाषामार्गदर्शकांनी ‘त्याला हाणामारी झाली’ असे एक तरी वाक्य बोलून पाहावे. जमत नाही, कारण फरक जोराचा नसून दिशेचा आहे.

हा फरक ज्या साच्यातून येतो तो फार जुना आहे. मारामारी, गुद्दागुद्दी, झोंबाझोंबी: मध्ये ‘आ’, शेवटी ‘ई’. संस्कृतात याच घडणीचे केशाकेशि, दण्डादण्डि, मुष्टामुष्टि आहेत. पाणिनीने त्यांच्यासाठी वेगळे सूत्र केले, ‘तत्र तेनेदमिति सरूपे’ (२.२.२७), आणि शेवटच्या ‘इ’साठी दुसरे, ‘इच् कर्मव्यतिहारे’ (५.४.१२७). कर्मव्यतिहार म्हणजे क्रियेची देवाणघेवाण. एकमेकांचे केस धरून जुंपलेले युद्ध ते केशाकेशि, एकमेकांना काठ्यांनी हाणून झालेले ते दण्डादण्डि. आणि ‘सरूपे’ची अट पाहा: दोन्ही बाजूंना तेच हवे. एकीच्या हातात पट्टा आणि दुसरीचे हात रिकामे, तर समास होतच नाही. बातमी लिहिणाऱ्याने पाळावी अशी ही अट अडीच हजार वर्षांपूर्वी घालून ठेवलेली आहे.

केशाकेशिचा भाऊ कचाकचि. कच म्हणजे केस. महाभारतात रणांगणावरचे योद्धे कचाकचि, नखानखि लढतात. केस ओढणे हा बायकी प्रकार, ही समजूत तिथेच निकालात निघते. माझ्या मते आपले ‘कचाकचा भांडणे’ इथूनच आले आहे. तो नुसता ध्वन्यनुकारी, म्हणजे आवाजाची नक्कल करणारा शब्द आहे असे म्हणणारे काकडीचा दाखला देतात. काकडी कचाकचा खाताना आवाज होतो, मान्य. भांडताना कुठला ‘कच’ वाजतो? मग ते ‘कडाकडा भांडणे’ पुढे करतात. पण कडाकडा बोटे मोडून शिव्याशाप देण्याची रीत आहे, तिथे आवाज आहेच. कचाकचि मराठीत आला, पटापटा-घटाघटाच्या रांगेत बसला आणि त्याचे शेवटचे ‘इ’ गेले, ही वाट मला सरळ दिसते. नखानखिचे मराठीत काही उरले आहे का, हेही कुणी तरी शोधायला हवे.

असो. चौघींनी एकीला घेरून मारले, तिने हात फक्त डोके झाकायला वर केले, आणि मथळा आला ‘विद्यार्थिनींमध्ये हाणामारी’. हाणामारीतल्या त्या ‘आ-ई’ने मार खाणारीलाही भांडणारी ठरवले. हे होते कारण मथळा पंधरा-वीस सेकंदांच्या व्हायरल तुकड्यावरून लिहिला जातो, आणि तुकड्यात सुरुवात नसते. क्लिप आवाज बंद करून पाहा. पहिला हात कुणाचा, किती जणी एका बाजूला, कुणी निसटायचा प्रयत्न करते आहे का? उलट मार दिसत नसेल तर मारहाण. दिसत असेल तर मारामारी. ठरवता येत नसेल तर ‘भांडण’ लिहा.

चौदा वर्षांच्या मुलीला ‘तरुणी’ म्हणू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालकच, आणि गुन्ह्याचा आरोप असेल तर कायद्याचा शब्द ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. जड आहे, पण ‘आरोपी तरुणी’पेक्षा खरा. त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र यांतले काहीही छापता येत नाही, मग ती मारणारी असो, मार खाणारी असो की साक्षीदार. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहरा धूसर करून गणवेशावरचा बिल्ला तसाच ठेवला तर शाळा उघड होतेच.

‘मुलींमधली वाढती हिंसा’ हेही जपून लिहा. अमेरिकेत मुलींच्या अटका वाढल्या तेव्हा तिथल्या न्याय खात्याच्या अभ्यासगटाने २००८ साली दाखवले की मुलींच्या वागण्यापेक्षा पोलिसांची धोरणे जास्त बदलली होती. घरातल्या भांडणांतही अटक होऊ लागली होती. वाढले काय, ते ‘वाढती’च्या आधी लिहा: गुन्ह्यांची नोंद, अटका की क्लिपा.