आधी गोळी, मग बाकीचं

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात दिवस गेल्याची बातमी वाचून आनंद झाला, पण खालीच ‘परवापासून फिटची गोळी बंद केली’ हे वाचलं आणि जिवात जीव राहिला नाही. आजच न्यूरॉलॉजिस्टना फोन कर. किती डोस चुकले ते सांग आणि ते म्हणतील तशीच गोळी सुरू कर. तुझी ही गोळी, लॅमोट्रिजीन, बरेच दिवस सुटली तर जुना डोस एकदम घेता येत नाही, अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. तेव्हा अंदाजाने काही करू नकोस.

फिटच्या गोळ्यांनी बाळाला व्यंग येतं, असं तू मोबाईलवर वाचलंस. त्यात तथ्य आहे, पण ते सगळ्या गोळ्यांना सारखं लागू नाही. सर्वांत जास्त धोका व्हॅल्प्रोएट या फिटच्याच दुसऱ्या औषधाचा: शंभरातल्या साधारण दहा बाळांना मोठं व्यंग, शिवाय बुद्धीच्या वाढीवर परिणाम. कुठलंही औषध न घेणाऱ्या आईच्या बाळालाही शंभरात दोन-तीन एवढा धोका असतोच, आणि लॅमोट्रिजीनचा आकडा त्याच्याच आसपास आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अशा गरोदर बायकांची नोंद ठेवतात. बहुतेकींची बाळं धडधाकट असतात. उलट गोळी सोडून मोठी फिट आली, तर तू पडशील, बाळाचा प्राणवायू कमी पडेल, आणि तुझ्याही जिवावर बेतू शकतं. ही गोष्ट मोबाईलवर कुणी फारशी लिहीत नाही.

आता एक गंमत बघ. गरोदरपणात शरीर लॅमोट्रिजीन इतक्या वेगाने बाहेर टाकतं की तोच डोस घेऊनही रक्तातलं औषध निम्म्यावर येऊ शकतं. म्हणून डोस वाढवला तर घाबरू नकोस, बाळावर जास्तीचा मारा होतोय असं नाही. शक्य असेल तिथे रक्तातली पातळी तपासून घे. बाळंतपणानंतर मात्र हे चक्र उलटं फिरतं आणि वाढवलेला डोस जड होतो: चक्कर, एकाचे दोन दिसणं, तोल जाणं. तो कधी, किती उतरवायचा हे डॉक्टरांकडून आठव्या महिन्यातच कागदावर लिहून घे, कारण तेव्हा तुला झोपही नसेल आणि सुचणारही नाही. फोलिक अ‍ॅसिडचा डोसही त्यांनाच विचार.

सकाळच्या उलट्यांत गोळी पडत असेल तर वेळ बदलता येते. हरतालिकेचा निर्जळी उपवास यंदा नको. जागरणही नको, फिटला तेवढं निमित्त पुरतं. विसाव्या आठवड्यानंतर डोकं दुखून, डोळ्यांपुढे काजवे चमकून फिट आली, तर ती नेहमीचीच म्हणून घरी थांबायचं नाही. रक्तदाबाची असू शकते.

नवऱ्याला माहीत आहे, सासूबाईंना नाही. गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवतेस म्हणे! अगं, दुपारी घरात तुझ्याजवळ त्याच असतात. आकडी आली तर त्या कांदा हुंगवतील, चप्पल नाकाशी धरतील, दातांत चमचा घालतील. त्यांना एवढंच शिकवायचंय: कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको, घड्याळ बघ, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. गरोदर असताना थांबली तरी दवाखाना गाठायचाच. सांगायचं ते नवऱ्याने सांगावं, तू बाजूला बसावंस. लग्नासाठी अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, नसावा ही अट हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्ये काढून टाकली, हे त्याला ठाऊक असू दे. घरात कुणी भलतं बोललं तर उपयोगी पडेल.

केवळ फिट येतात म्हणून सिझेरियन लागत नाही. अंगावर पाजायलाही हरकत नाही. रात्रीचं एक पाजणं नवऱ्याने तुझं काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजून भागवावं, म्हणजे तुला सलग चार-पाच तास झोप मिळेल. बाळाला पायांवर घेऊन एकटीने न्हाऊ घालायचं नाही, आणि बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी अजिबात नको. शेगडीवरून सासूबाईंशी वाद झाला तर त्यांना माझा नंबर दे, मी बोलते.