मीपण नाही, नुसता 'पण'

प्रश्न असा आहे: "माझी रूममेट कॅथलिक आहे. लेंटमध्ये ४० दिवस काहीतरी सोडायचं असतं म्हणते. इथे कुणी पाळला आहे का? नेमकं काय सोडता, आणि त्यानं काही फरक पडतो का?"

मी पाळते. लहानपणापासून, कधी मनापासून, कधी आईच्या धाकानं. आम्ही वसईकडचे. आमच्याकडे त्याला उपवासकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी संपतो. तुम्ही कॅलेंडर घेऊन मोजलंत तर दिवस ४६ भरतील. रूममेट खोटं बोलत नाहीये, मधले सहा रविवार मोजायचे नसतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. लहानपणी आम्ही भावंडं या सवलतीचा पुरेपूर फायदा घ्यायचो. शनिवारी रात्री बारापर्यंत जागून चॉकलेट खाल्लेलं आहे.

नियम तसे फार कडक नाहीत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या माणसांनी एकदाच पोटभर जेवायचं. शुक्रवारी मटण-चिकन बंद, ते चौदा वर्षांपासून पुढे सगळ्यांना. बाकी काय सोडायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आमचे बाबा विडी सोडायचे आणि घरातल्या सगळ्यांवर खेकसायचे. आई चहातली साखर सोडायची आणि वाचलेल्या साखरेचे पैसे एका डब्यात टाकायची. ईस्टरच्या आधी तो डबा देवळात गरिबांसाठी जायचा. (हो, देऊळ. आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.)

मी २०२३ साली जे सोडलं ते मात्र खाण्यातलं नव्हतं, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच आहे.

त्या वर्षी माझी बदली मालवणला झाली होती. बँकेतली नोकरी, नवीन गाव, रोज पाच-सहा जणांना आपली ओळख करून द्यायची वेळ. माझं आडनाव पोर्तुगीज वळणाचं आहे. ते ऐकलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक बारीकशी आठी पडते, आणि ती पुरती पडायच्या आत माझं सुरू व्हायचं: "ख्रिश्चन आहे, पण मराठीच. वसईची." मग न विचारता पुढचं सगळं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, आडनावं राहिली. येशूची कथा मराठी ओव्यांत सांगणारं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. बिचारा माणूस पासबुक भरून घ्यायला आलेला असायचा.

गंमत म्हणजे रविवारी देवळात हेच उलटं. मालवणच्या कॅथलिक घरांतून कोंकणी बोलतात. मिस्सा, म्हणजे देवळातली सामुदायिक प्रार्थना, संपल्यावर बायका माझ्याशी कोंकणीत बोलायला लागायच्या, मी मराठीत उत्तर द्यायचे, आणि तीच आठी. मग मी: "मराठी बोलते, पण कॅथलिकच आहे हो." आठवडाभर एक 'पण', रविवारी दुसरा.

हे दुखणं माझ्या एकटीचं नाही, अख्ख्या समाजाचं आहे. मुंबईत गोव्याकडचे ख्रिस्ती लोक नोकऱ्यांसाठी येऊ लागले, तेव्हा आपण वेगळे आणि इथलेच हे सांगण्यासाठी मुंबई-साष्टीकडच्या ख्रिस्ती मंडळींनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीवरून. म्हणजे राहणार पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव पूर्वेचं! आता ते समजावून सांगायला आणखी दहा मिनिटं. आमच्या वसईत तर तेही नाव सगळ्यांना मान्य नाही. सामवेदी ख्रिस्ती स्वतःला कुपारी म्हणवतात.

तर त्या वर्षीचा राखेचा बुधवार, २२ फेब्रुवारी. सकाळची मिस्सा करून तशीच बँकेत गेले. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती राख करतात आणि फादर अंगठ्यानं कपाळावर क्रूस काढतात. काउंटरवर पहिल्याच आजोबांनी बोट दाखवलं, "मॅडम, कपाळाक काळां लागलां." मी सवयीनं तोंड उघडलं आणि का कोण जाणे, एवढंच म्हणाले, "अंगारा आहे. आज उपास." आजोबा "हां हां" म्हणाले आणि स्लिप पुढे सरकवली. एवढंच. चिमाजी अप्पा नाहीत, कुणी नाही.

त्याच संध्याकाळी ठरवलं की या उपवासकाळात ओळख करून देताना 'पण' म्हणायचं नाही. नाव सांगायचं, गाव सांगायचं, गप्प बसायचं. फादरना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "हा मीपण सोडायचा काळ, आणि तू त्यातला नुसता 'पण' सोडतेस?"

पहिल्या आठवड्यातच कळलं की साखर सोडणं किती सोपं असतं. नाव सांगितल्यावर जी दोन सेकंदांची शांतता पडते ना, ती सहन होत नाही. जीभ अक्षरशः दातांखाली धरावी लागायची. त्या रविवारी देवळात वाचन होतं मत्तयच्या चौथ्या अध्यायातलं. येशू रानात ४० दिवस उपाशी आहे आणि सैतान येऊन म्हणतो, तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी करून दाखव. हे मी शंभरदा ऐकलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, अरे, हा तर केवायसी मागतोय! आम्ही दिवसभर तेच करतो: तुम्ही अमुक असाल तर पुरावा दाखवा. येशूनं एकही कागद पुढे केला नाही. भाकरीवरून शास्त्रातलं एक वाक्य ऐकवलं, झालं. आणि मी? मला तर कुणी मागितलंही नव्हतं.

खाण्याचं सांगायचं तर शुक्रवारी मी डब्यात बांगडा नेत होते. नियमात मटण बसत नाही, मासे बसतात. हा नियम ज्यांनी केला त्यांनी मालवण पाहिलेलं नसणार. शेजारच्या काउंटरवरची माझी मैत्रीण सोमवारी, गुरुवारी माशाला शिवत नाही, तिचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. तिनं डब्यात डोकावून विचारलं, "मॅडम, ह्यो कसलो उपास? बांगडो खाऊन?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पुढच्या शुक्रवारी मी डाळ-भात नेला, तर म्हणते, "आज बांगडो नाय? मगे उपास मोडलो काय?" हे तिनं वर्षभर पुरवून पुरवून वापरलं.

मोडलं का? मोडलं की. शिमग्याच्या दिवसांत घरमालकांकडे जेवायला बोलावलं होतं, तिथे त्यांच्या मुंबईहून आलेल्या जावयानं माझ्या आडनावावरून काहीतरी गोव्याचं म्हटलं आणि मी पोर्तुगिजांपासून सुरुवात करून संमेलनापर्यंत पोचले. पुरणपोळी निवली. वार सोमवार होता, रविवारची सवलतही लागू नव्हती.

एकदा मात्र जमलं. एक निवृत्त शिक्षक मुदत ठेवीचं काम झाल्यावर उठता उठता म्हणाले, "मॅडम, तुमचं मराठी फार छान आहे हो." हे वाक्य आम्हा लोकांना आयुष्यभर ऐकायला मिळतं. कौतुकच असतं ते, पण टोचतं. (इथला 'पण' चालतो, लेंट संपलाय.) मी म्हणाले, "तुमचंही." ते थबकले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसले. पुढच्या वेळी येताना घरच्या कोकमांची पिशवी घेऊन आले.

त्या वाक्यानं पिच्छा सोडला नाही ते वेगळ्या कारणानं. झावळ्यांच्या रविवारी देवळात येशूच्या दुःखसहनाचा अख्खा वृत्तांत वाचतात. येशूला धरून नेलंय, त्याचा शिष्य पेत्र बाहेर अंगणात उभा आहे, त्याला लोक म्हणतात, तू त्यांच्यातलाच, तुझ्या बोलण्यावरूनच कळतंय. पेत्र गालीलचा, त्याचे हेल यरुशलेमात लपत नव्हते. मी हातातली झावळी घेऊन उभी होते आणि मनात आलं, मला असं कुणी कधी म्हणूच शकणार नाही. माझं ते 'फार छान' मराठी शाळेतलं आहे. घासून, पुसून, हेल काढून टाकलेलं. घरी आम्ही कादोडी बोलतो, आणि ती बोली मी वसईच्या बाहेर तोंडातून निघूच देत नाही. आईचा फोन बँकेत आला तर मी बाहेर जाऊन बोलते किंवा प्रमाण मराठीत उत्तर देते, आणि आई विचारते, समोर साहेब आहेत का. सहा आठवडे मी 'पण' म्हणायचं टाळत होते, आणि सबंध बोलणंच माझं एक लांबलचक 'पण' होतं.

पेत्र पुढे काय करतो ते तुमच्या रूममेटला विचारा. येशूला तीनदा नाकारतो आणि मग बाहेर जाऊन ढसाढसा रडतो. मी रडले वगैरे नाही. घरी जाऊन आईला फोन केला, एवढंच.

शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, बँकेला सुट्टी होती. सणाचं जेवण करायचं म्हणून बाजारात मासे घ्यायला गेले. सुरमई केवढी घेऊ, काप किती जाड काढून घेऊ, हे विचारायला आईलाच फोन लावला होता, कानाशी खांद्यानं धरून, आणि या वेळी आवाज बारीक न करता कादोडीत बोलत होते. मासेवाल्या मावशी कोयती थांबवून ऐकत राहिल्या.

"ही खंयची भास गो?"

"घरची," मी म्हणाले. "वसईची."

त्यांनी सुरमईचं डोकं बाजूला केलं, पाण्यानं पाट धुतला.

"वसईक सुक्या बोंबलांचो काय भाव आसा?"

फोन चालूच होता. आईला विचारलं.