आधी आईला मराठीत सांग, मग इंटरव्ह्यूला जा

"ताई, मी इंदूरला रामबागेत राहते, बी.कॉम. झालंय. सियागंजात एका होलसेल व्यापाऱ्याकडे २ वर्षं अकाउंट्स बघत होते, मग बाबांना पॅरालिसिस झाला आणि नोकरी सोडली, त्याला आता दीड वर्ष झालं. ३ इंटरव्ह्यू दिले, तिन्हीत नाही झालं. ५० प्रश्नांची उत्तरं इंग्लिशमधे पाठ केलीत, पण मधला एक शब्द अडकला की पुढचं सगळंच जातं. गॅपचं विचारलं की गळा दाटून येतो. एके ठिकाणी तर लग्न झाल्यावर सोडणार का असंही विचारलं. बाबांना वाईट वाटू नये म्हणून खोलीचं दार लावून प्रॅक्टिस करते. सोमवारी विजय नगरला परत इंटरव्ह्यू आहे. काय करू?"

अगं, सगळ्यात आधी ती ५० उत्तरांची वही कपाटात ठेवून दे. तू आळशी नाहीस, उलट खूप मेहनत घेतलीयेस, फक्त ती वाक्यांवर घेतलीयेस. रट्टा मारलेल्या उत्तराचं असंच होतं, एक शब्द निसटला की मागचा डबाच सुटतो. मी बरीच वर्षं समोरच्या बाजूला बसून मुलाखती घेतल्यात, आणि 'आय ॲम हार्डवर्किंग' सुरू झालं की पुढचं ऐकूच येत नाही गं, कारण त्याच सकाळी ते चार जणांनी म्हटलेलं असतं.

तू सियागंजात काय करत होतीस ते आठव. १४ तारखेला जीएसटीचं २बी, म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची यादी, यायचं, २० च्या आत ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायचं, आणि मधल्या दिवसांत खरेदीचं रजिस्टर घेऊन एकेक बिल जुळवत बसायचं. एखाद्या सप्लायरनं बिल दाखवलेलंच नाही असं झालं असेलच ना? मग तू काय केलंस, फोन कुणाला केला, तो टाळत होता तेव्हा काय बोललीस, शेठजींना कसं सांगितलंस की याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट, या महिन्यात धरता येणार नाही, आणि शेवटी किती रुपये सुटले? झालं, हेच तुझं उत्तर. 'अडचण कशी सोडवली' विचारलं तरी हेच, 'तुम्हालाच का घ्यावं' विचारलं तरी हेच, फक्त सुरुवात बदलायची. असे ४-५ प्रसंग काढ, त्यात एक स्वतःच्या चुकीचा हवाच, एकच बिल टॅलीत दोनदा चढवलं असं काहीतरी, आणि ते परत होऊ नये म्हणून नंतर काय सवय लावून घेतलीस ते.

आणि हे प्रसंग आधी आईला मराठीत सांग, ती पोहे करत असेल तेव्हा ओट्याशी उभी राहून. आपल्या घरात आठवण मराठीत असते, बाहेर बोलणं हिंदीत आणि इंटरव्ह्यू इंग्लिशमधे, तू डायरेक्ट तिसऱ्या पायरीवर उडी मारतेस म्हणून पाय घसरतो. मराठीत नीट सांगता आलं की भावाला किंवा मैत्रिणीला हिंदीत सांग, मग साध्या इंग्लिशमधे फोनवर रेकॉर्ड कर. दर वेळी शब्द वेगळे आले तर फार छान.

गॅपचं तीन वाक्यांत सांगायचं. बाबांना पॅरालिसिस झाला, मी घरी राहून त्यांचं केलं, आता घरची सोय लागलीय आणि मी फुल टाइम काम करू शकते. एवढं बोलून थांब. लपवण्यासारखं काहीही नाहीये यात. गळा भरून आला तर घोटभर पाणी पी, कुणी नंबर कापत नाही त्याचे.

लग्नाचा प्रश्न मला मुळीच पटत नाही, मुलांना कुणी विचारत नाही तो. पण तिथे वाद घालण्यात तुझी शक्ती घालवू नकोस, "मी इथे टिकून काम करायला आलेय" म्हण आणि गाडी कामाकडे वळव.

कमजोरी विचारली तर परफेक्शनिस्ट वगैरे नको, एक्सेलमधे पिव्होट कच्चं असेल तर तेच सांग आणि शिकतेय म्हण, पण खरंच शिकत असशील तरच. पगाराचं मात्र नीट समजून घे, ३ लाख सीटीसी (कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) म्हणजे महिन्याला २५ हजार हातात असं नसतं, कंपनीचा पीएफचा वाटा बऱ्याचदा त्यातच धरतात आणि तुझाही बेसिकच्या १२ टक्के कापला जातो, म्हणून हातात किती येईल ते सरळ विचार.

आता दाराचं. ते उघड बाई. दार लावून तू काय बोलतेस ते बाबांना कळत नसेल असं तुला वाटतं का? दीड वर्ष तू त्यांच्यासाठी थांबलीस हे ते रोज मनात मोजत असणार. आज संध्याकाळी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बस आणि प्रश्न त्यांना विचारायला सांग, बोलायला वेळ लागत असेल तर लागू दे, तुलाही थांबून उत्तर द्यायची सवय होईल. पहिला प्रश्न 'स्वतःबद्दल सांगा' हाच ठेवायला सांग त्यांना.