अंगुलिमाल थांबला, पण भिशीचं काय?

'एक बहीण, कळवा' यांचं पत्र थोडक्यात असं. धाकटा भाऊ चाळीतल्या २० घरांची भिशी चालवायचा, महिना ३,००० रुपयांची. तीन महिन्यांचे १,८०,००० रुपये ऑनलाइन रमीत घालवून तो पळाला. जाताना आईच्या पाटल्याही घेऊन गेला. लोक दारात येऊन बसायला लागले, तेव्हा बहिणीने पीएफमधून काढून ६०,००० भरले. मागच्या वर्षी आई गेली, तेव्हाही तो आला नाही. आता आलाय. दारू सुटलीय, बेलापूरला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलंय, महापेला नोकरी आहे. दर रविवारी विहारात वंदनेला बसतो आणि येत्या बुद्धपौर्णिमेला तिथे स्वतःच्या परिवर्तनावर बोलणार आहे. त्याला घरी राहायला यायचंय. बहीण नको म्हणाली, तर म्हणतो, "बुद्धांनी अंगुलिमालाला माफ केलं ताई, तुला सख्खा भाऊ माफ होत नाही?" त्यांचा प्रश्न: माझंच मन मलिन आहे का?

ताई, सप्रेम जय भीम.

नाही, मलिन नाही. थकलंय.

भाऊ सांगतो ती गोष्ट आपण सगळ्यांनीच विहारात ऐकलीय. बोटांची माळ घालणारा दरोडेखोर तथागतांच्या मागे धावतो, ते शांतपणे चालत असतात तरी त्याला गाठता येत नाही. "थांब" म्हणून तो ओरडतो. उत्तर येतं, मी थांबलोय, आता तू थांब. आपल्याकडे बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते आणि टाळ्या पडतात. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातल्या सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशात, मात्र ती पुढे बरीच आहे.

बुद्धांनी त्याला भिक्खू करून घेतलं. पण ज्यांची माणसं त्याने मारली, त्यांना "आता याला माफ करा" असं सांगितल्याचं त्या सुत्तात कुठेही नाही. पुढे तो श्रावस्तीत भिक्षेला जातो, तेव्हा कुणाचं ढेकूळ लागतं, कुणाची काठी, कुणाचं खापर. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र तुटलेलं, चीवर म्हणजे भिक्खूचं वस्त्र फाटलेलं, अशा अवस्थेत तो परत येतो. तेव्हा तो अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झालेला होता, हे लक्षात घ्या. बुद्ध त्याला काय म्हणतात? सोस. तुझ्याच कर्माचं फळ आहे हे. मारणाऱ्यांना एका शब्दाने बोलत नाहीत. आणि अंगुलिमालही कुणाच्या दारात उभा राहून "मी बदललोय, तुम्ही का बदलत नाही?" असं विचारत नाही.

भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ विनयपिटक, त्याच्या महावग्ग या भागात तर आणखी आहे. त्याला चीवरात पाहून लोक घाबरले, पळाले, दारं लावून घेऊ लागले, तक्रारी आल्या. त्यावर लोकांना भित्रे न ठरवता बुद्धांनी नियमच केला, की असा उघड कुप्रसिद्ध चोर यापुढे संघात घ्यायचा नाही. आणि तुमच्या भावासाठी त्याहून कामाचा नियम म्हणजे कर्जदाराला प्रव्रज्या, म्हणजे संघात प्रवेश, नाही. आजही उपसंपदेच्या, म्हणजे भिक्खूच्या पूर्ण दीक्षेच्या, वेळी जे प्रश्न विचारतात त्यात "अनणोसि?" हा एक असतो. तुझ्यावर ऋण नाही ना?

हाच प्रश्न त्याला विचारा. पत्रात तुम्ही सगळं लिहिलंत, पण त्याने एखाद्या घरी जाऊन पाचशे रुपये तरी ठेवले, असं कुठे आढळलं नाही. बापाला मारणारा मगधाचा राजा अजातशत्रू बुद्धांपुढे चूक कबूल करतो, तेव्हा ते म्हणतात की चूक चूक म्हणून पाहणं, धम्माप्रमाणे ती भरून काढणं आणि पुढे स्वतःला आवरणं, यात वाढ आहे. भावाचं पहिलं झालंय, तिसरं चालू आहे. मधलं राहिलंय, आणि नेमकं तेच खिशातून जातं.

त्याचा बदल खोटा आहे असं मी म्हणत नाही. दारू सोडणं सोपं नसतं. बेलापूरच्या त्याच शिबिरात, पारसिक हिलवर, मीही दहा दिवस बसले आहे. सातव्या दिवशी वाटलं, माझ्याइतकी मैत्रीने भरलेली बाई अख्ख्या नवी मुंबईत नसेल. अकराव्या दिवशी बेलापूर स्टेशनला रिक्षावाल्याशी वीस रुपयांवरून भांडले. म्हणून म्हणते, त्याला वेळ द्या, पण किल्ली देऊ नका. राग निवळायचा तेव्हा निवळेल. त्याची तारीख त्याने ठरवायची नाही, आणि मीही नाही. राग गेला तरी तो वेगळ्या खोलीत भाड्याने राहू शकतो.

विहारातल्या भाषणाचं मात्र मला खटकतं. ज्या बायकांचे पैसे बुडाले त्या समोर सतरंजीवर बसणार, आणि हा माइकवर? विहारातल्या जाणत्या माणसांशी बोला, यंदा राहू दे म्हणावं. त्याऐवजी एक वही घेऊन त्याने २० घरांची नावं लिहावीत, कुणाचे किती ते लिहावं, आणि पगार झाला की एकेका दारात जावं. सुरुवात सगळ्यात गरजू घरापासून. कुणी दार लावून घेईल, कुणी शिव्या देईल. तुमचे ६०,००० त्याच वहीत, शेवटच्या पानावर का होईना, पण असू द्या. "बहिणीचं काय लिहायचं" असं म्हणून तुम्हीच ते खोडाल, ओळखते मी अशा बहिणींना.

राहिल्या पाटल्या. त्या कुठल्या सोनाराकडे गेल्या, मोडल्या की गहाणात बुडाल्या, हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. तुम्ही विचारत फिरू नका. त्यालाच जाऊ दे, आणि काय कळलं ते तुम्हाला येऊन सांगू दे.